पितराचं पान

आमच्या घरी काका यायचे ठरलं की सगळ्यात आधी संडास धुतला जायचा. हा संडास काकांनीच बांधून घेतलेला. पांढराशुभ्र, खुर्चीसारखा बसायचा, वर साखळी ओढायची टाकी. आमच्या पंचक्रोशीत असला पहिलाच. काका अमेरिकेहून दोन वर्षांतून एकदा यायचे, तीन आठवडे राहायचे, आणि ते गेले की त्या दाराला कुलूप लागायचं. घाण होऊ नये म्हणून. कुलपाची किल्ली आईच्या कमरेच्या जुडग्यात. म्हणजे आई पहाटे डबा घेऊन नाल्याकडे जायची, तिच्या मागे मी, आणि तिच्या कमरेला त्या संडासाची किल्ली असायची. कुणी सांगितलं होतं तिला कुलूप लावायला? कुणीच नाही. आपण होऊन लावलं होतं तिनं, आणि आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तडकतं. माझी मुलगी म्हणते, "आई, इतक्या वर्षांनी कशाला चिडतेस?" मी म्हणते, तेव्हा चिडायला हवं होतं ते राहून गेलं, म्हणून आता चिडते.

गाव नाशिकहून गंगापूर धरणाच्या अंगाला. आज त्या रस्त्यानं गेलात तर दोन्ही बाजूंना रिसॉर्टं दिसतील, द्राक्षाच्या वेलांशेजारी मांडलेली टेबलं दिसतील, 'अस्सल चुलीवरचं' अशा पाट्या दिसतील. माझ्या लहानपणी तिथं टोमॅटो, भुईमूग आणि बाभळी होत्या. आमचं घर विटांचं, चार खोल्यांचं, पुढं ओटा आणि मागे गोठा. सकाळी विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की त्याचा ठकठक आवाज जेवणवेळेपर्यंत कानात राहायचा, आणि ते बंद झालं की घरात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटायचं. आई मूळची नामपूरकडची. आमच्यात येऊन तिला वीस वर्षं झाली होती, बोलणं सगळं आमच्यासारखं झालं होतं, पण संताप आला की अहिराणी तोंडात यायची. तिच्या हातचे मांडे म्हणजे काय होते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पुरण भरलेला गोळा ती हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पातळ करत न्यायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची. बांगड्या आधीच वर सारून रुमालानं बांधलेल्या असायच्या. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा नियम होता.

सुधाकरकाका आण्णांपेक्षा सात वर्षांनी लहान. आण्णांनी आठवीत शाळा सोडून औत धरलं आणि काका शिकले. इंजिनिअर झाले, अमेरिकेत गेले, तिथंच घर केलं. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. शाळेला पाण्याची टाकी त्यांनीच दिली, फाट्यापासून गावापर्यंत खडी पडली ती त्यांनी जिल्ह्याच्या कचेरीत हेलपाटे घातले म्हणून. पण देणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हसू असतं ना, समोरच्यानं ते बघावं अशा बेतानं ठेवलेलं, ते त्यांच्या तोंडावरून कधी जायचं नाही. आणि आण्णा, ज्यांच्या जिवावर हा माणूस शिकला, ते त्यांच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहायचे. धाकट्या भावासमोर! मला ते बघवत नसे. तरी मी बघत होते, कारण काकांनी आणलेलं चॉकलेट माझ्या तोंडात असायचं.

आता पुंजाबाबांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितर जेवायला बोलावतात. नुसता नैवेद्य दाखवून भागत नाही, जिवंत माणूस लागतो. घरातला जो पुरुष गेला असेल त्याच्या नावानं दुसऱ्या कुळातला एक पुरुष बोलवायचा. आदल्या दिवशी घरच्या माणसानं स्वतः जाऊन सांगायचं. पितर त्या दिवशी सकाळपासून काही खात नाही. तो येतो, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं आणि पहिलं पान त्याला वाढायचं. त्याचं होईस्तोवर घरात कुणी घास घ्यायचा नाही. तो त्या वेळी तो माणूस नसतोच. शेवटी घरच्यानं हात जोडून विचारायचं, "पोट भरलं का?" आणि तो "भरलं" म्हणाला की गेलेला माणूस वर्षभरासाठी तृप्त झाला. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ते गेल्यापासून त्यांच्या नावानं पुंजाबाबा बसत. या दोघांनी मिळून आमची विहीर खोदलेली. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा, असे तीन उन्हाळे.

पुंजाबाबांना गोड आवडत नसे. तात्यांना मात्र आमरसाच्या दोन वाट्या लागायच्या, वर तूप आणि मिरपूड. तर पुंजाबाबा त्या दिवशी दोन वाट्या रस खायचे, डोळे मिटून, औषध घेतल्यासारखे. आणि मग तात्यांच्याच आवाजात ओरडायचे, "कुरडई मऊ लागू राह्यली, तळून ठिवली का काय सकाळपासून?" तात्या दरवर्षी हेच म्हणायचे. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि डोळेही पुसायची. लहानपणी मला खरंच वाटायचं की तात्या आलेत. खोटं का सांगू, मोठी झाल्यावरही थोडं वाटायचं.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात काका आले ते एक मोठी योजना घेऊन. आमच्या आणि शेजारच्या शेतावर पर्यटन केंद्र काढायचं. तिकडची आपली माणसं, परदेशात जन्मलेली पोरं, त्यांना गाव बघायला मिळेल. बैलगाडी, विहीर, चुलीवरचं जेवण. त्र्यंबकेश्वर जवळ, धरण जवळ. "परदेशातल्या आपल्या लोकांनी ठरवलं ना आण्णा, तर या भागाचा कायापालट होईल. पोरांना इथंच काम मिळेल," असं ते ओट्यावर बसून सांगायचे, आणि गावातली कर्ती माणसं माना डोलवायची. खरं सांगायचं तर मीही डोलवत होते. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतंच. आखाजीला त्यांच्या तिकडच्या ओळखीची नऊ माणसं येणार होती. त्यांतले एक डॉक्टर मुख्य. त्यांना पसंत पडलं तर ते आणि त्यांचे मित्र भांडवल घालणार होते. आंब्याचा सण आहे, घरचं जेवण आहे, याच्यापेक्षा चांगला दिवस कोणता, असा काकांचा हिशेब.

मला त्यांनी ओट्यावर बोलावून घेतलं. "वैशाली, तुझं इंग्रजी चांगलं आहे. तू पाहुण्यांना सगळं समजावून सांगायचं. आपली गाईड तू." आणि मग हलक्या आवाजात, "हे जमलं की तुझं पुण्याचं कॉलेज, होस्टेल, माझ्याकडं. बीए करून मास्तरीण होऊ नकोस इथं. तू तिकडं यायची पोरगी आहेस." त्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात गाईला चारा टाकताना मोठमोठ्यानं इंग्रजीत बोलत होते. मला पुण्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की त्यासाठी मी काय काय करीन हे मलाच माहीत नव्हतं. आठवड्याभरात कळलं.

आधी घर 'गावासारखं' करायचं काम निघालं. घर गावातच होतं, पण ते काकांना पुरेसं गावासारखं वाटेना. प्लास्टिकच्या खुर्च्या माळ्यावर गेल्या. गॅसची शेगडी पोत्याखाली गेली. ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या खळ्यात नेऊन उभा केला आणि दुसऱ्याची बैलजोडी आणून आमच्या दारात बांधली. इथवर मला गंमत वाटत होती. मग काकांनी ओट्यावरची शहाबादी फरशी बघितली आणि म्हणाले, "वहिनी, हे काही बरं दिसत नाही. यावर सारवता येईल ना?" ती फरशी बसवून दोन वर्षं झाली होती. लग्न होऊन आल्यापासून आई दर चार दिवसांनी शेण कालवून तो ओटा सारवत आली होती. फरशी बसली त्या दिवशी तिनं गुडघ्यांना तेल चोळलं होतं आणि "सुटले बाई" म्हणाली होती. तिनं आण्णांकडं पाहिलं. आण्णा म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न हाय." आणि माझी आई, पदर खोचून, गुडघ्यांवर बसून, स्वतःच्या फरशीवर शेण सारवू लागली. फरशीला शेण धरेना. वाळलं की पोपडे निघायचे. ते तिनं तीनदा सारवलं. काका कॅमेरा घेऊन फिरत होते. त्यांनी त्याचंही चित्रण केलं.

आता मी शिकवते त्या शाळेतल्या मुली मला विचारतात, मॅडम, पर्यटनानं विकास होतो का, यावर निबंध लिहायचाय. होतो, बाई, होतो. आमच्या गावातली पंधरा-वीस पोरं आज रिसॉर्टांच्या फाटकावर गणवेश घालून गाड्यांना सलाम ठोकतात, त्यांच्या घरी फ्रीज आहे, कुणाची पोरगी नर्सिंगला आहे. ते सगळं खरं आहे आणि मी मुलींना ते लिहायला सांगते. पण त्या निबंधात माझ्या आईचे गुडघे कुठं बसवायचे ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आखाजीच्या दिवशी दहा वाजताच दोन गाड्या आल्या. पाहुणी माणसं चांगली होती, उगीच नावं ठेवायची नाहीत. घामानं निथळत होती, तरी हसत होती. डॉक्टर साठीचे, सडपातळ. त्यांचे आजोबा गुजरातेतून आफ्रिकेत गेलेले, डॉक्टर जन्मले आफ्रिकेत, शिकले इंग्लंडात, राहायला अमेरिकेत. भारतात पहिल्यांदाच येत होते. गाडीतून उतरल्यावर त्यांनी वाकून माती हातात घेतली आणि कितीतरी वेळ टाकून दिली नाही. मी त्यांना घागरी दाखवल्या, पितरांच्या नावानं पाणी भरून वर खरबूज ठेवलेल्या. बैल दाखवले, आमचे म्हणून. आई खापरावर मांडे टाकत होती तिथं सगळे गोळा झाले. काकांना पहिला मांडा कॅमेऱ्यात नीट मिळाला नाही. "वहिनी, परत एकदा. हळू. अजून एकदा, चेहरा इकडं करून." तिसऱ्यांदा मांडा फाटला आणि पुरण विस्तवात पडलं. जळक्या गुळाचा वास सुटला. पाहुणे टाळ्या वाजवत होते. आईनं वर पाहिलं नाही.

साडेअकराच्या सुमाराला काका स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "पितर कोण बसतंय?"

"कोण म्हंजे? पुंजाबाबा," आई म्हणाली. "काल सांगून आले ना ह्ये."

काका थोडं घुटमळले. "असं करू. आज डॉक्टरांना बसवू."

आईचा हात थांबला. "भाऊ, पितर हाय तो. असं कसं?"

"वहिनी, बाहेरच्या कुळातलाच पुरुष लागतो ना? मग डॉक्टर काय आपल्या भावकीतले आहेत? पहिला मान त्यांना दिला असं होईल. आणि पुंजाबाबा... ती बंडी, ते दात. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यात... तुम्ही समजून घ्या. बाबांना मी उद्या वेगळं जेवण देतो, धोतरजोडी देतो."

"तुमच्या बापाच्या नावानं बसतो त्यो," आई म्हणाली.

"माझा बाप आहे म्हणूनच सांगतोय. तात्यांना आनंदच होईल."

आईनं आण्णांकडं पाहिलं. मीही पाहिलं. आण्णा दाराच्या चौकटीला नख लावून रंग खरवडत होते. त्यांच्या तोंडून एक शब्द निघता तर पुढचं काही झालं नसतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "वैशे, तूच जाय. पुंजाबाबाला सांग, आज पाहुण्यांची गडबड हाय म्हनावं. तुझं ऐकंल तो."

मी गेले. मला कुणी ओढत नेलं नाही, दम दिला नाही. पुण्याच्या होस्टेलची खोली कशी असेल याचा विचार करत मी त्या उन्हातून चालत गेले. पुंजाबाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारातल्या बाजेवर बसले होते. दाढी करून घेतली होती. सुनेनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्याही ठेवला नव्हता, कारण पितर उपाशी असतो.

"आली का बोलवाया? चल," म्हणत ते उठायला लागले.

"बाबा, आज नको," मी म्हणाले. "पाहुण्यांची गडबड आहे."

ते अर्धे उठलेले, तसेच थांबले. "मंग तात्याचं पान?"

"काकांचे एक साहेब आहेत. त्यांना बसवणार आहेत."

ते खाली बसले. मग हसले. "बरं हाय. म्हाताऱ्याचं इंग्रजी व्हईल." आणि आत वळून सुनेला म्हणाले, "वाढ गं भाकर. सकाळधरनं पोटात काय नाय." मी तिथून निघाले. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. वाटेत मला राग आला, पण गंमत बघा, तो राग मला पुंजाबाबांचा आला. ते चिडले का नाहीत? चार शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते.

घरी येईस्तोवर डॉक्टर पाटावर बसले होते. काकांनी स्वतः त्यांचे पाय धुतले, गंध लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. आण्णा भिंतीला टेकून उभे. काका इंग्रजीत सांगत होते की हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा मान, गेस्ट ऑफ ऑनर, आधी तुम्ही जेवायचं, मग घरातले. पाहुणे वा वा करत होते. डॉक्टर अगदी संकोचून गेले होते. आईनं वाढलं. मांडा, रस, कटाची रशी, भात, भजी, कुरडई. रसावर तूप आणि मिरपूड घातली, सवयीनं. डॉक्टरांनी हात जोडले आणि खायला सुरुवात केली. त्यांनी रसाची वाटी बाजूला सारली. गोड चालत नसेल. आईची नजर त्या वाटीवर होती, आणि तिचा चेहरा मला दिसत होता.

डॉक्टरांच्या बायको माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, या प्रथेचा नेमका अर्थ काय? सांगायचं काय ते काकांनी माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. पूर्वजांचं स्मरण, अतिथीचा सन्मान, निसर्गाशी नातं. ते सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि मी म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की माझे आजोबा मेलेले आहेत आणि आत्ता तुमचे पती म्हणजे माझे मेलेले आजोबा आहेत. तिथं जो बसतो तो मेलेला माणूस असतो. दरवर्षी बसणारा आम्ही हाकलून दिला, कारण तो कॅमेऱ्यात चांगला दिसला नसता.

इंग्रजीत होतं सगळं. आईला कळलं नाही, आण्णांना कळलं नाही. डॉक्टरांच्या बायकोनं किंकाळीच फोडली. मागून कळलं की चारच महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर स्वतः ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, गळ्यातला हार काढला, आणि उठले. काका "प्लीज, प्लीज" करत पुढं धावले. डॉक्टर त्यांना एवढंच म्हणाले, "तुम्ही मला सांगायला हवं होतं." मग माझ्यासमोर येऊन थांबले आणि विचारलं, "ज्यांना पाठवून दिलं ते जेवले का?" त्या सबंध दिवसात हा प्रश्न विचारणारा तोच एक माणूस. अर्ध्या तासात गाड्या गेल्या.

आता तुम्हाला वाटेल, पोरीनं खरं बोलून बरं केलं. मलाही कितीतरी वर्षं तसं वाटायचं, मी ती गोष्ट मैत्रिणींना तशीच रंगवून सांगायचे. पण नीट बघा. खरं बोलायची जागा स्वयंपाकघराच्या दारात होती, आई एकटी बोलत होती तेव्हा. तेव्हा मी गप्प होते. पुंजाबाबांच्या दारात होती, तिथंही गप्प. आणि बोलले ते कुठं, तर पितर पानावर असताना. अर्ध्या पानावरून पितर उठला. यापेक्षा वाईट गोष्ट आमच्याकडं नाही. काकांनी अपमान केला तो पुंजाबाबांचा, आणि मी जे केलं ते तात्यांना उपाशी उठवणं होतं.

काका माझ्यावर इतके ओरडले की बैल बिथरले. गावाचं नुकसान केलंस, तुझ्या बापाचं केलंस, तुझं स्वतःचं केलंस. शेवटचं तर लगेच खरं झालं, पुण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. आई त्या पानासमोर बसून राहिली होती. मग ती उठली आणि काकांच्या समोर उभी राहिली, पुरणानं भरलेल्या हातांनी. "मना घरना पितर भुक्या गया," ती म्हणाली. माझ्या घरचा पितर भुकेला गेला. एवढंच. ओरडली नाही. पण काका गप्प झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी पहिल्यांदा गेलेलं पाहिलं.

तिनं ताजं ताट वाढलं, वर फडकं झाकलं आणि पायांत चपला न घालता भर उन्हात निघाली. मी मागे. पुंजाबाबा त्याच बाजेवर आडवे झाले होते. तिनं ताट ठेवलं, वाकून नमस्कार केला. "बाबा, चला. पान वाढलंय. नाय तर इथं बसा, पन बसा."

ते उठून बसले. ताटाकडं बघितलं, रसाच्या दोन वाट्यांकडं बघितलं. "पोरी, म्या जेवलो ना," ते म्हणाले. "भाकर खाल्ली, ठेचा खाल्ला. भरल्या पोटी पितर बसत नस्तो. तुला म्या शिकवू का?"

"बाबा, तात्या..."

"तात्याला म्या वळखतो. त्यो नाय रागवायचा." मग म्हणाले, "पन आता दुसरा बघा तुमी. माझ्यानं ते रस खानं व्हत नाय." आईनं खूप विनवलं. त्यांनी ताट परत नेऊ दिलं नाही, नातवंडांना दिलं. पण स्वतः बोट लावलं नाही.

काका तीन दिवसांनी गेले. पर्यटन केंद्र पुढं झालंच, आमच्या शेतावर नाही, दोन शेतं सोडून, दुसऱ्या कुणाच्या भांडवलावर. काका नंतरही येत राहिले, म्हातारे झाले, मागच्या खेपेला माझ्याकडं जेवायला आले तेव्हा तो दिवस त्यांना आठवतही नव्हता. "किती सुंदर आखाजी केली होती आपण एकदा," असं म्हणाले. माझ्या हातात वाढायचा डाव होता. मी तो खाली ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. मी नाशिकलाच बीए केलं, एसटीनं ये-जा करून. मास्तरीण झाले. त्याचं मला वाईट वाटत नाही, हे मात्र अगदी खरं.

पुंजाबाबा त्याच पावसाळ्यात गेले. पुढच्या आखाजीला त्यांच्या घरी त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती, आणि पितर लागणार होता. आण्णांना खात्री होती की बोलावणं आपल्यालाच येणार. तात्यांच्या जागी पुंजाबाबा, मग पुंजाबाबांच्या जागी तात्यांचा मुलगाच. आदल्या दिवशी कुणी सांगायला आलं नाही. "आज येईल, पोरगं शेतात आसंल काल," ते म्हणाले. सकाळी आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, चहासुद्धा घेतला नाही, आणि ओट्यावर जाऊन बसले. आमच्या घरी त्या वर्षी तात्यांच्या पानावर गावातला शिंपी बसला. तो जेवून "भरलं" म्हणाला आणि गेला. आम्ही सगळे जेवलो. आण्णा ओट्यावरच. दुपारी दोनच्या सुमाराला पुंजाबाबांचा मुलगा रस्त्यानं गेला. त्याच्याबरोबर वरच्या आळीतले एक म्हातारे होते, कपाळाला गंध, ढेकर देत चाललेले. मुलानं आमच्या ओट्याकडं पाहिलं आणि आण्णांना नीट हात जोडून नमस्कार केला. आण्णांनीही केला. ते दोघं वळणाआड गेल्यावरही आण्णा तसेच बसून होते. आई दारात येऊन उभी राहिली. चार वाजले तेव्हा आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाढ," ते म्हणाले. "आता कुनी येत नाय."